गलबताच्या तळाखालचे ऋतू

कार्स्टेन नीबूर मुंबईत उतरला तो १७६३ साली. डेन्मार्कच्या राजाने अरबस्तानात पाठवलेल्या मोहिमेतला तो मोजणीदार. बरोबरचे वाटेत एकेक करून आजाराने गेले, शेवटचा जोडीदार मुंबईतच गेला आणि नीबूर एकटा उरला. वर्षभराहून अधिक काळ तो या बेटावर राहिला आणि दिसेल ते टिपत राहिला. त्या टिपणांत मुंबईच्या गोदीचाही उल्लेख आहे. खडक फोडून केलेल्या दोन गोद्या वापरात आहेत, तिसरीचे काम चालू आहे, आणि बाहेरच्या जहाजांकडून इथे तळ साफ करून घेण्याचे चांगलेच पैसे घेतले जातात, असे तो लिहितो.

तळ खरवडायला एवढे पैसे कोण मोजेल? ज्याचे जहाज आफ्रिकेला वळसा घालून सहा-सहा महिने समुद्रात भिजत आले आहे, तो. इंग्लंडहून निघताना गुळगुळीत असलेला तळ मुंबईला पोचेपर्यंत हातभर शेवाळाने आणि बोटभर कवचांनी भरलेला असे. शिडे तीच, वारा तोच, पण जहाज ओढ घेईना. आणि ही झाली वरून दिसणारी खराबी. आतली खराबी फळी फोडल्याशिवाय कळत नसे.

समुद्राच्या पाण्यात कुठलीही वस्तू बुडवून ठेवा, काही तासांत तिच्यावर जिवाणूंचा बुळबुळीत थर चढतो. मग येतात सूक्ष्म वनस्पती, आणि त्यांच्या पाठोपाठ पाण्यात तरंगणारी नाना प्रकारची पिल्ले बूड टेकायला जागा शोधत येतात. खडकावर अनवाणी चालणाऱ्याचे तळपाय सोलून काढणारे पांढरे धारदार शंकू म्हणजे बार्नॅकल. तो दिसतो शिंपल्यासारखा, पण कुळाने कोळंबी-खेकड्यांचा. त्याच्या जोडीला कालवे, शिनाणे, शेवाळ. आणि गांडुळांचे समुद्रातले भाऊबंद, म्हणजे अंगावर केसांच्या जुड्या असलेले वलयांचे किडे. यांतले काही भटके असतात. मेलेल्या बार्नॅकलच्या रिकाम्या घरात शिरायचे, शिनाण्यांच्या धाग्यांमधून वाट काढायची, जबडा बाहेर फेकून मिळेल ते ओढायचे, असा त्यांचा संसार. दुसरे काही एका जागी बसतात आणि स्वतःभोवती चुन्याची नळी बांधतात. 'हायड्रॉइडिस' हे त्यांतले बंदराबंदरांत सापडणारे नाव. पाण्यात बुडालेली जुनी फळी भिंगाखाली धरली की तिच्यावर पांढऱ्या शेवयांचा गुंता दिसतो. त्यातल्या प्रत्येक शेवईच्या तोंडाशी पिसांचा तुरा फुललेला असतो. सावली पडली की तुरा गायब, आणि नळीच्या तोंडावर नक्षीदार बूच. कोमट पाण्यात या किड्याचे पिल्लू जेमतेम पाच दिवसांत बसायला तयार होते आणि महिन्याभरात स्वतःच अंडी सोडू लागते. म्हणजे बंदरात दोन महिने नांगरलेल्या जहाजाच्या तळाखाली नातवंडेसुद्धा आलेली असत.

याहून वाईट तो लाकूडखाऊ. इंग्रज खलाशी त्याला किडाच म्हणत आणि शरीराने तो लांबलचक किड्यासारखा दिसतोही, पण प्रत्यक्षात तो शिंपल्याच्या जातीचा. अंगाच्या पुढच्या टोकाला उरलेल्या दोन इवल्याशा शिंपल्या तो कानशीसारख्या फिरवतो आणि लाकूड किसत आत जातो. आत शिरतो तेव्हा टाचणीच्या डोक्याएवढा. पुढे आतच वाढतो. त्यामुळे फळीवर बाहेरून फक्त बारीक ठिपके दिसतात, आणि फळी चिरली तर आत चुन्याचा गिलावा केलेली, बोट जाईल एवढी भुयारे. एक भुयार सहसा दुसऱ्याला छेदत नाही. लाकडाचे मधाच्या पोळ्यासारखे जाळे होते, आणि एखाद्या लाटेच्या तडाख्याला सगळे एकदम कोसळते. कोलंबसाची चौथी सफर याच प्राण्याने संपवली. १५०३ साली त्याची उरलेली दोन जहाजे इतकी पोखरली गेली की जमैकाच्या किनाऱ्यावर ती वाळूत घुसवावी लागली, आणि मदत येईपर्यंत वर्षभर तो तिथेच अडकून पडला.

या सगळ्या वस्तीची एक नाजूक बाजू होती: गोडे पाणी. खुल्या समुद्राच्या पाण्यात हजारी पस्तीसच्या आसपास मीठ असते. ते बरेच खाली उतरले की यांतल्या बहुतेकांचा टिकाव लागत नाही. लाकूडखाऊ मात्र चिवट. पाणी बिघडले की तो भुयाराच्या तोंडाशी दोन चुनखडी पाती घट्ट लावून घेतो आणि आत गप्प बसून राहतो, कित्येक आठवडे. चार दिवस जहाज नदीत नेऊन आणले तर बार्नॅकल मरतील, हा मरणार नाही. त्याला मारायला लांबलचक पावसाळा हवा.

हॉलंडने या गणिताची उलटी बाजू सोसली. १७३१ च्या सुमारास तिथल्या समुद्रबांधांना आधार देणारे लाकडी खांब पोखरलेले सापडले आणि देशभर हाहाकार उडाला. लोकांनी याला दैवी कोप मानले, उपास-प्रार्थना झाल्या. गॉटफ्रीड सेलियस या पंडिताने १७३३ साली त्या प्राण्यावर ग्रंथच लिहिला आणि तो किडा नसून शिंपल्याचा भाऊ आहे, हे दाखवून दिले. पुढे अभ्यासकांनी त्या साथीचा संबंध कोरड्या वर्षांशी जोडला: नद्यांचे पाणी घटले, किनाऱ्यालगतचा खारटपणा वाढला, आणि प्राण्याला रान मोकळे झाले. शेवटी लाकूड काढून बांधांना दगड लावावे लागले. तो दगड परदेशातून आणावा लागला, कारण हॉलंडमध्ये दगडच नाही. उलट बाल्टिक समुद्राचे पाणी इतके कमी खारट की १६२८ साली पहिल्याच फेरीत बुडालेले 'वासा' हे स्वीडिश जहाज १९६१ मध्ये जवळजवळ अखंड वर आले.

कोकणात हा गोड्या पाण्याचा मारा दरवर्षी, ठरलेल्या वेळी होतो.

जूनमध्ये सह्याद्रीवरचे पाणी खाड्यांत उतरते. वाशिष्ठी, सावित्री, वाघोटन, मांडवी, झुवारी या साऱ्या नद्या लांबीने लहान पण उताराच्या, त्यामुळे लोंढा थेट मुखापर्यंत येतो. मेमध्ये जिथे समुद्राइतके खारे पाणी असते, तिथे जुलैत वरचा थर जवळपास पिण्याजोगा होतो. खांबांवरची, धक्क्यांवरची, नांगरलेल्या होड्यांवरची वस्ती मरून गळून पडते. आणि नेमक्या याच दिवसांत कोकणातले दर्यावर्दी आपली तरांडी पाण्याबाहेर काढत. ज्येष्ठात गलबते-मचवे भरतीला वर ओढायचे, बुंध्यांच्या टेकूंवर ठेवायचे, वरून झावळ्यांनी शाकारायचे आणि नारळी पौर्णिमेपर्यंत हात लावायचा नाही. मधल्या काळात तळ खरवडून, फटींत कापूस ठासून, तेल पाजून तयार करायचा. किनाऱ्यावर 'शाकारणी' हा शब्द आजही चालतो, झावळ्यांची जागा निळ्या-पिवळ्या प्लॅस्टिकने घेतली असली तरी.

ही चाल किड्यांच्या अभ्यासातून आली, असे म्हणण्याचा मोह टाळलेला बरा. ती आली वादळाच्या भीतीतून. पावसाळी दर्यात शिडाचे तारू घालणे म्हणजे मरण ओढवून घेणे, एवढे कारण पुरेसे होते. पण परिणाम मात्र दुहेरी झाला. खाडीत राहिलेल्या तारवाचा तळ गोड्या पाण्याने धुतला जाई. वर काढलेल्याचा सुकून साफ होई. लाकूडखाऊ पाती मिटून दीड महिना तग धरेल, पण अडीच-तीन महिने पाण्याविना त्याचे काही चालत नाही.

मराठेशाहीच्या 'आज्ञापत्रा'त रामचंद्रपंत अमात्यांनी आरमाराच्या पावसाळी छावणीसाठी वेगळी कलमे घातली आहेत. दर्या खवळण्याआधी पाच-दहा दिवस आरमार छावणीला लागले पाहिजे. उघड्या किनाऱ्यावर किंवा सामान्य किल्ल्याखाली ते ठेवू नये. आणि दरवर्षी तेच ते बंदर नको, छावणी निरनिराळ्या बंदरांत व्हावी. बंदर बदलण्याचे कारण अमात्यांच्या मनात माणसांचे होते. आरमाराचे लोक एका जागी वारंवार राहिले की रयतेला उपद्रव होतो, ही त्यांची काळजी. जहाजाच्या लाकडाबद्दलही त्यांनी लिहिले आहे: सागवान वगैरे लागेल ते हुजुराच्या परवानगीने तोडावे, कमी पडल्यास परमुलखातून विकत आणावे, पण रयतेची आंबा-फणसाची झाडे तिच्या राजीखुशीवाचून तोडू नयेत. किड्याचा शब्द नाही. तरी हे वाचताना एक गोष्ट लक्षात येते. वर्षातले तीन-चार महिने अख्खे आरमार जमिनीवर ठेवायचे, हा नियम धरूनच त्या राज्याने आपले दर्यावरचे बळ मोजले होते.

विजयदुर्गाजवळ गिर्ये गावी वाघोटन खाडीच्या आत खडक फोडून केलेली आरमारी गोदी आजही पाहायला मिळते. भरतीला आत शिरायचे, ओहोटीला कोरड्यावर बसायचे. आंग्र्यांची गुराबे आणि गलबते उथळ बुडाची होती, पाण्यात फार खोल जात नसत. त्यांना एवढी सोय पुरे होती. इंग्रजांचे भरगच्च व्यापारी जहाज मात्र असे कुठेही टेकवता येत नसे. ते टेकले की स्वतःच्याच वजनाने त्याच्या फासळ्या मोडण्याची भीती. म्हणून त्याला किनाऱ्यालगत आणून, तोफा उतरवून, डोलकाठीला दोर बांधून एका कुशीवर झुकवायचे, वर आलेला अर्धा तळ पेंढ्याच्या जाळाने शेकून खरवडायचा, मग दुसऱ्या कुशीवर. हे काम आठवडेच्या आठवडे चाले आणि त्या काळात जहाज लढायला निकामी. आंग्र्यांची गलबते चपळ का होती, याची कारणे सांगताना शिडे आणि वल्ही यांचे वर्णन पुष्कळ होते. दर हंगामाला साफ होणारा तळ हेही त्यातले एक कारण असले पाहिजे.

कंपनी सरकारला हे कळत होते. १७३६ मध्ये सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया हा सुतारांचा मुकादम मुंबईत आणला गेला, आणि १७५० साली मुंबईची पहिली कोरडी गोदी उभी राहिली. आशियातली पहिली म्हणून तिचे नाव घेतले जाते. मुंबईला भरती-ओहोटीची देणगी मोठी. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी साडेचार-पाच मीटरपर्यंत चढते-उतरते. जहाज भरतीला आत घ्यायचे, ओहोटीला पाणी जाऊ द्यायचे, दरवाजे लावायचे. जहाज टेकूंवर सरळ उभे राहते आणि तळाखाली माणसे चालत फिरतात. पूर्व किनाऱ्यावर, मद्रासला, उधाणाची भरतीही जेमतेम मीटर-सव्वा मीटर. तिथे ही युक्ती चालत नाही.

याचा हिशेब १७८२ मध्ये चुकता झाला. त्या वर्षी इंग्रजांचा ॲडमिरल एडवर्ड ह्यूज आणि फ्रेंचांचा सुफ्राँ यांच्यात बंगालच्या उपसागरात आणि सिंहलद्वीपाच्या किनाऱ्यावर चार लढाया झाल्या, पाचवी पुढच्या वर्षी. सुफ्राँ हा दोघांत अधिक कल्पक सेनानी, असे मत पुष्कळ इतिहासकारांचे आहे. पण ईशान्य मोसमी वारे सुटण्याच्या सुमाराला ह्यूज सरळ मुंबईला आला, गोदीत शिरला आणि डागडुजी करून घेतली. सुफ्राँला असे ठिकाणच नव्हते. तो सुमात्राच्या अचेमध्ये जाऊन थांबला. त्याची दुसरी अडचण तळाचीच होती. त्याच्या काही जहाजांच्या तळाला तांब्याचे पत्रे होते, काहींना नव्हते. ताफ्याचा वेग सगळ्यात मागे राहणाऱ्या जहाजाचा असतो, त्यामुळे रांग धरून हल्ला चढवताना त्याची निम्मी जहाजे मागे लोंबत राहत.

तांब्याची कथा वेगळीच आहे. ब्रिटिश नौदलाने १७६१ मध्ये 'अलार्म' या फ्रिगेटच्या तळाला तांब्याचे पातळ पत्रे ठोकून पाहिले. दोन वर्षांनी वेस्ट इंडीजहून जहाज परत आले, तेव्हा तळ स्वच्छ होता, किड्याचा मागमूस नव्हता. फक्त पत्रे ठोकायला वापरलेले लोखंडी खिळे गंजून भुगा झाले होते. खारे पाणी, तांबे आणि लोखंड एकत्र आले की लोखंड खाल्ले जाते, हे तेव्हा कोणाला ठाऊक नव्हते. मग खिळेही तांब्याच्या मिश्रणाचे झाले आणि १७७९ नंतर दोन-तीन वर्षांत जवळजवळ सगळ्या आरमाराला तांबे चढले.

पुढे १८२४ मध्ये हंफ्री डेव्ही या प्रख्यात रसायनशास्त्रज्ञाने तांब्याचेही झिजणे थांबवायचे ठरवले. पत्र्याला जस्ताचे किंवा लोखंडाचे तुकडे जोडायचे, म्हणजे तेच झिजतील आणि तांबे वाचेल. प्रयोगशाळेत हे उत्तम जमले. समुद्रातही तांबे खरोखरच झिजले नाही. पण तळावर शेवाळ आणि बार्नॅकल मात्र तट्ट माजले. तांबे विरघळत होते म्हणूनच तळ साफ राहत होता. डेव्हीने विरघळणे बंद केले आणि किड्यांचे विषही बंद झाले. नौदलाने ते तुकडे मुकाट्याने काढून टाकले. विज्ञानाच्या इतिहासात इतके नेमके यशस्वी होऊन पडलेले प्रयोग थोडे असतील.

तांबे येण्याआधी आणि नंतरही हिंदुस्थानातल्या गोद्यांत वेगळा उपाय होता. चुना आणि जवसाचे तेल कुटून केलेला 'गलगल' नावाचा लेप. तो वाळला की दगडासारखा होई आणि पाण्याला दाद देत नसे. मार्को पोलोने तेराव्या शतकाच्या अखेरीला होर्मुझची जहाजे पाहिली, तेव्हा त्यांना डांबराऐवजी माशाचे तेल चोळलेले होते आणि फळ्या काथ्याने शिवलेल्या होत्या. पोलोला ती जहाजे अगदीच कुचकामी वाटली. पण अरबी समुद्रातला निम्मा व्यापार शतकानुशतके त्यांच्याच जिवावर चालला, हे त्याच्या हिशेबात बसले नाही.

आणि सागवान. किडे सागाला लागतच नाहीत ही समजूत चुकीची. लागतात, पण उशिरा आणि बेताने. त्याच्या तेलकट लाकडात किड्यांना नको असलेली द्रव्ये असतात, शिवाय त्यात ठोकलेले लोखंड ओकच्या लाकडातल्यासारखे गंजत नाही. वाडिया घराण्याने बांधलेले 'कॉर्नवॉलिस' १८१३ साली मुंबईत पाण्यात उतरले. शेवटी इंग्लंडमध्ये शीअरनेसला त्याचा धक्का म्हणून वापर झाला, आणि ते मोडले १९५७ मध्ये. १८१७ चे 'ट्रिंकोमाली' अजून हार्टलपूलला तरंगते आहे. लाकूड किती टिकेल हे मात्र नुसत्या लाकडावर ठरत नाही. १८७० च्या दशकात मुंबईत प्रिन्सेस डॉकसाठी खोदकाम चालू असताना चिखलाखाली अख्खे बुडालेले जंगल निघाले. ३८२ झाडे मोजली गेली, त्यांतली २२३ मुळांसकट उभी होती, बहुतेक खैराची. समुद्र वर चढला त्या काळापासून ती तिथे होती. वर मातीचा जाड थर बसल्यामुळे तिथवर ना प्राणवायू पोचला ना वाहते पाणी, म्हणून लाकूडखाऊलाही वाट मिळाली नाही.

त्याच प्रिन्सेस डॉकने, त्याच्या आधीच्या ससून डॉकने आणि नंतरच्या व्हिक्टोरिया व अलेक्झांड्रा डॉकने मुंबई बारमाही बंदर केले. दरवाजे लावून पाण्याची पातळी धरून ठेवणाऱ्या या गोद्यांत जहाज पावसाळाभर उभे राहू शकत होते. कोकणच्या किनाऱ्यावर धावणाऱ्या आगबोटी मात्र पुढे कित्येक दशके पावसाळ्यात बंदच राहिल्या. चाकरमान्याला गणपतीला घाटावरून वळसा घालून जावे लागे. म्हणजे एकाच किनाऱ्यावर दोन पंचांगे चालू झाली. एक लाकडाचे, दुसरे लोखंडाचे.

लोखंडी जहाजाला लाकूडखाऊ काय करणार? पण बार्नॅकल आणि नळीचे किडे लोखंडावर लाकडाइतक्याच आनंदाने बसतात, आणि लोखंडावर तांबे ठोकता येत नाही. 'अलार्म'चे खिळे त्याचे कारण सांगतातच. मग विषारी रंग आले. १८६० च्या दशकात जर्मनीतला राहटियेनचा लेप गाजला. त्याचा पाया होता लाख, म्हणजे छोटा नागपूरच्या जंगलांतून गोळा होऊन जगभर जाणारा तोच माल. अमेरिकी नौदलानेही विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लाखेत पाऱ्याच्या संयुगाची भुकटी कालवून तळ रंगवले. ब्रिटिश नौदलाचा त्या काळचा अंदाज असा की थंड पाण्यात तळाचे घर्षण दिवसाला पाव टक्क्याने वाढते आणि उष्ण कटिबंधात अर्ध्या टक्क्याने. हा अर्धा टक्का रोज वाढत जातो, म्हणजे सहा महिन्यांत किती कोळसा जास्त जळत असेल याचा विचार करा. मुंबईला येणाऱ्या प्रत्येक आगबोटीच्या मालकाला हा आकडा सतावत असणार.

आता प्रश्न असा आला की किडे बसतात केव्हा? बारमाही, की हंगामात? रंग कधी लावायचा, जहाज गोदीत कधी घ्यायचे, हे त्यावर ठरणार. याचे उत्तर बंदराबंदरांत फळ्या टांगून शोधले गेले. पद्धत साधी: फळी किंवा काच पाण्यात सोडायची, महिन्याने वर काढायची, मोजायची आणि नवी सोडायची. मद्रास बंदरात एम. डी. पॉल यांनी केलेला अभ्यास १९४२ मध्ये प्रसिद्ध झाला. काही प्राणी वर्षभर अंडी सोडतात, काही ठरावीक महिन्यांतच, हे त्यातून पुढे आले. कोचीनचे नवे बंदर बांधले जात असताना लाकूड पोखरणाऱ्या प्राण्यांची प्राथमिक पाहणी आयलीन अर्लान्सन यांनी केली. ती १९३६ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये छापून आली. त्याआधी १९२१ मध्ये रोलंड सदर्न यांनी चिलका सरोवरातल्या आणि देशातल्या इतर मचूळ पाण्यांतल्या केसाळ किड्यांवर मोठा निबंध लिहिला होता. मचूळ पाण्यातही सुखाने राहणाऱ्या नळीवाल्या किड्यांचा एक नवा वंश त्यात पहिल्यांदा नोंदला गेला. हिंदुस्थानी किनाऱ्यावरच्या या किड्यांचा जाडजूड कोश पिएर फोव्हेल या फ्रेंच तज्ज्ञाच्या नावावर १९५३ मध्ये आला. तेच वर्ष मुंबईच्या नौदल गोदीतली नौदलाची प्रयोगशाळा सुरू होण्याचे. ती आता अंबरनाथला आहे. १९६६ साली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली, ती आता गोव्यात आहे, आणि दोनापावलाच्या धक्क्याखाली कितीतरी फळ्या बुडून वर आल्या आहेत.

या फळ्यांनी सांगितलेली गोष्ट कोकणच्या तांडेलाला नवी वाटली नसती. जून ते सप्टेंबर वस्ती जवळपास उजाड. पाऊस सरला, पाणी पुन्हा खारट झाले, की ऑक्टोबरपासून वर्दळ सुरू. आधी बार्नॅकल, मग नळीवाले किडे, कालवे, शेवाळवजा प्राणी. उन्हाळ्यापर्यंत फळी ओळखू येत नाही. भटके किडे या दाटीत सर्वांत शेवटी येतात, कारण त्यांना राहायला आधी इतरांनी बांधलेली घरे आणि त्यांच्या फटींत साचलेला गाळ लागतो. आणि पहिल्या लोंढ्यात घरे गळाली की तेही जातात. सगळेच मरत नाहीत. गोडे पाणी हलके असल्याने वर तरंगते आणि खाडीच्या तळाशी खाऱ्या पाण्याची जीभ राहते. तिथे उरलेले प्राणी पुढच्या हंगामाचे बियाणे पुरवतात. चिखलाच्या नळ्या करणारे बारीक किडे गढूळपणाला फारसे भीतही नाहीत. पूर्व किनाऱ्यावर हेच चक्र ऑक्टोबर-डिसेंबरच्या पावसाभोवती फिरते.

एक गंमत अशी की जुन्या भारतीय निबंधांत बंदरातल्या नळीवाल्या किड्याला 'हायड्रॉइडिस नॉर्वेजिका' म्हटलेले आढळते. नॉर्वेचा किडा मुंबईच्या कोमट पाण्यात काय करत होता? काहीच नाही. पुढे तज्ज्ञांनी दोन्ही जाती वेगळ्या काढल्या, आणि गरम बंदरांतला तो 'एलिगन्स' निघाला. त्याचे पहिले वर्णन १८८३ मध्ये सिडनीहून झाले होते. तो मुळात कुठला, हे आता शोधणे कठीण, कारण तो जहाजांच्या तळाला चिकटून सगळीकडे पोचला आहे.

असेच जहाजांबरोबर आलेले पाहुणे पावसाळ्याचे गणित बिघडवू लागले. १९६७ मध्ये विशाखापट्टणम बंदरात कॅरिबियनकडचा एक छोटा काळा शिंपला आढळला. १९७५ मध्ये करंदे आणि मेनन यांनी भारतीय बंदरांतला नवा आगंतुक म्हणून त्याच्यावर लिहिले. तोवर तो मुंबईच्या गोदीतही रुजला होता. 'मायटिलॉप्सिस' हे त्याचे नाव. जवळजवळ गोड्या पाण्यापासून भरपूर खाऱ्या पाण्यापर्यंत त्याला काहीही चालते. जुलैच्या लोंढ्यात बार्नॅकल मरतात, हा घोसाघोसाने तसाच राहतो, आणि दरवाजे लावलेल्या संथ गोदीत तर त्याला घरच मिळते. बंदरांतल्या अशा परदेशी प्राण्यांचा छडा लावण्यासाठी २००० मध्ये आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने जगातली सहा बंदरे नमुन्यादाखल निवडली. मुंबई त्यांतले एक. गोव्याच्या संस्थेने केलेल्या त्या पाहणीत बंदराचे पाणी, चिखल आणि खांबांवरचे थर तपासले गेले.

रंगांचेही दिवस फिरले. १९६० नंतर कथिलाच्या एका सेंद्रिय संयुगाने जहाजांचे तळ वर्षानुवर्षे स्वच्छ ठेवले. मग १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात फ्रान्सच्या आर्काशों उपसागरातली कालवांची शेती कोलमडली. कालवांची पिल्ले बसेनात, वाढलेल्यांची कवचे फुगून विद्रूप होऊ लागली. दोष होता आजूबाजूला नांगरलेल्या हौशी होड्यांच्या रंगाचा. फ्रान्सने १९८२ मध्ये लहान होड्यांवर हा रंग लावायला बंदी घातली, आणि जगभरच्या जहाजांवर तो बंद करणारा २००१ चा करार १७ सप्टेंबर २००८ पासून लागू झाला. आता रंगांत मुख्यतः पुन्हा तांबेच असते.

कोळीवाड्यांतल्या बहुतेक नव्या होड्या फायबरच्या आहेत. लाकूड नाही, म्हणून लाकूडखाऊची धास्ती गेली, आणि पठाणापासून, म्हणजे तळाच्या कण्यापासून, फळीफळी तपासणाऱ्या सुतारांची कामेही कमी झाली. फायबरवर बार्नॅकल आणि नळीचे किडे मात्र बसतातच. १ जून ते ३१ जुलै या सरकारी मासेमारी बंदीत होड्या वर काढल्या जातात, पण ती बंदी माशांच्या विणीसाठी आहे, तळासाठी नाही. बंदी उठायच्या आधल्या पंधरवड्यात ससून डॉकपासून मालवणपर्यंत पत्र्याच्या खरवडण्या चालू असतात, आणि खरवडलेल्या तळावर तांब्याच्या लालसर रंगाचे दोन हात दिले जातात.